मनात शंका असताना केलेली प्रार्थना देवापर्यंत पोचते का? बायबल काय सांगतं आणि पंडिता रमाबाईंचं काय झालं होतं

प्रार्थना केली. उपास धरला. चर्चमध्ये नाव देऊन सगळ्या मंडळीला प्रार्थना करायला लावली. तरी आजारी माणूस बरा झाला नाही, नोकरीचं पत्र आलं नाही, मोडत आलेला संसार सावरला नाही. मग जवळचंच कुणीतरी घरी येतं, चहा घेतं आणि निघताना अगदी मायेनं सांगतं, "तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडला बघा."

ख्रिस्ती घरांमध्ये हे वाक्य नवीन नाही. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यावर त्यामुळं दुसरं ओझं येतं. आधी दुखणं होतंच, आता त्या दुखण्याचा दोषही आपलाच. त्यात रात्री झोप येत नाही तेव्हा खरोखरच मनात येऊन गेलेलं असतं की, देव ऐकतोय का? तो आहे तरी का? म्हणजे मग गुन्हा कबूलच झाला.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. शहादा शहराला लागून असलेलं लोणखेडा घ्या. इथं पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयांचा परिसर आहे, आणि सातपुड्यातल्या पाड्यांवरून पोरंपोरी शिकायला खाली उतरतात. (ज्या साने गुरुजींचं नाव संस्थेला आहे त्यांनी लिहिलेली प्रार्थना महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत म्हटली जाते, हा एक योगायोग.) २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली जवळपास ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. हा भाग पश्चिम खानदेशात मोडायचा तेव्हा, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इथं स्कँडिनेव्हियन मिशनरी आले. आज जिल्ह्यात मराठीबरोबर भिली, मावची अशा बोलींतही ख्रिस्ती प्रार्थना होतात. याच जिल्ह्यात सिकल सेलसारखा रक्ताचा आनुवंशिक आजारही घर करून आहे. लेकराला वेदनेचा झटका आला की आई प्रार्थना करते, आणि झटका थांबला नाही की स्वतःलाच तपासत बसते.

तर मुद्दा सरळ आहे. मनात शंका असताना प्रार्थना करणं हे ढोंग आहे का? देव अशी प्रार्थना बाजूला सारतो का? ख्रिस्ती धर्मात याचं काय उत्तर आहे?

अर्धा विश्वास घेऊन आलेला बाप

बायबलच्या नव्या करारात मार्क नावाचं शुभवर्तमान आहे. त्याच्या नवव्या अध्यायात एक बाप येतो. त्याच्या मुलाला लहानपणापासून झटके येतात. मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, कधी आगीत पडतो तर कधी पाण्यात. बाप त्याला येशूच्या शिष्यांकडे घेऊन आलेला असतो, पण शिष्यांच्यानं काही होत नाही. भोवती गर्दी जमलेली, शास्त्री लोक वाद घालत उभे, आणि मुलगा तसाच.

येशू येतो तेव्हा हा बाप काही मोठ्या श्रद्धेचं भाषण करत नाही. तुम्हाला काही जमणार असेल तर करा, अशा अर्थाचं बोलतो. "जमणार असेल तर" यातच त्याची सगळी दमछाक आहे. येशू त्याला या 'तर'वर टोकतो, आणि तेव्हा बाप ओरडून जे सांगतो त्याचा आशय असा, की माझा विश्वास आहे, पण माझ्यात अविश्वासही आहे, तेवढ्यापुरती मला मदत करा.

एकाच वाक्यात विश्वास आणि अविश्वास दोन्ही. आणि गोष्टीत पुढं येशू त्याला, आधी शंका मिटवून ये, मग बघू, असं म्हणत नाही. मुलगा बरा होतो. शंकेबद्दल ख्रिस्ती धर्मगुरू बोलतात तेव्हा या बापाचं उदाहरण हटकून येतं. बापानं आपली शंका लपवली नाही, तीच प्रार्थनेत घातली.

हा बाप एकटाच असता तर अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं. पण बाप्तिस्मा करणारा योहान, ज्यानं स्वतः येशूला ओळखलं असं बायबल सांगतं, तोच तुरुंगात पडल्यावर माणसं पाठवून विचारतो की येणारा तो तुम्हीच की आम्ही दुसऱ्याची वाट बघावी. मत्तयच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा उठलेल्या येशूला शिष्य नमन करतात, आणि लेखक लगेच नोंदवून ठेवतो की काहींना शंका वाटली. नमनही चालू आणि शंकाही चालू. थोमाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते. जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा हा शिष्य. भारतातल्या ख्रिस्ती परंपरेनुसार तोच पुढं केरळात आला आणि चेन्नईजवळ मारला गेला. म्हणजे आपल्याकडं ख्रिस्ती धर्म आणणारा म्हणून जो मानला जातो, तो बारा जणांतला सगळ्यात नावाजलेला शंकेखोर.

विश्वास, खात्री आणि भरवसा

गोंधळ बराचसा शब्दांचा आहे. मराठीत 'विश्वास' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. "मला विश्वास आहे की उद्या पाऊस पडेल" यात विश्वास म्हणजे अंदाज, खात्री. "माझा तिच्यावर विश्वास आहे" यात विश्वास म्हणजे भरवसा. पहिला एखाद्या गोष्टीबद्दल असतो, दुसरा एखाद्या व्यक्तीवर असतो.

नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो, पिस्तिस, त्यात हा दुसरा अर्थ जोरकस आहे. एखाद्यावर विसंबणं, त्याच्याशी इमान राखणं. जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाचं, एमुना याचं मूळही टिकून राहण्याशी, पक्केपणाशी जोडलेलं आहे. मनात शंभर टक्के खात्री भरलेली असणं, असा त्याचा अर्थ होत नाही.

शहाद्याहून तोरणमाळला जायचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लवकर कळेल. गाडीत दोन माणसं बसलीत. एक वळणं बघून घाबरतोय, सीटची दांडी घट्ट धरून डोळे मिटून बसलाय. दुसरा निवांत गाणी ऐकतोय. दोघंही ड्रायव्हरवर भरवसा ठेवूनच बसलेत आणि दोघंही वर पोचणार आहेत. घाबरलेल्याचा भरवसा खोटा असता तर तो पायथ्यालाच उतरला असता.

ख्रिस्ती विचारात शंका आणि अविश्वास यांत फरक केला जातो तो असा. शंका असलेला माणूस अजून गाडीत आहे, भांडतोय, विचारतोय. अविश्वास म्हणजे संबंधच तोडून टाकणं. अर्थात हे म्हणणं सोपं आहे. काही लोक शंकेच्या वाटेनं खरोखरच धर्मातून बाहेर पडतात, आणि ते प्रामाणिकपणे पडतात. पण शंका आली म्हणजे माणूस बाहेर पडलाच, हे मात्र बायबलमधल्या माणसांकडे पाहिलं तर टिकत नाही.

रमाबाईंच्या दोन शंका

याबाबत महाराष्ट्राला दूर कुठं जायची गरज नाही. पंडिता रमाबाईंचं अख्खं आयुष्यच या प्रश्नाभोवती फिरलेलं आहे.

२३ एप्रिल १८५८ चा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे पंडित, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळात लोकांचा रोष ओढवून घेतलेले. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि यात्रांत संपत गेलं. पूजा, उपवास, स्नानं, सगळं चालूच होतं. आधी वडील गेले, मग काही महिन्यांच्या आत आई आणि मोठी बहीणही. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही भावंडं हजारो मैल पायी हिंडली.

या अनुभवानं त्यांची लहानपणची श्रद्धा हलली. एवढं सगळं केलं, मग उत्तर का नाही? ही त्यांची पहिली शंका.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथं रमाबाईंच्या पांडित्याचा मोठा गौरव झाला, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. तिथंच एकदा ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला ही भावंडं गेली होती. लोक खुर्च्यांकडं तोंड करून गुडघे टेकून बसले आणि डोळे मिटून काही म्हणू लागले. रमाबाईंनी पुढं लिहून ठेवलंय की, त्यांना वाटलं हे लोक खुर्च्यांची पूजा करतायत! ख्रिस्ती प्रार्थनेशी त्यांची पहिली ओळख ही अशी.

पुढच्या चार वर्षांत भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी दास मेधावी पटकीनं गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, मागं आईबाप नाही, भाऊ नाही. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी यायचं म्हणून ते राहिलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथं संपायला हवी होती, शंका गेली, श्रद्धा आली. पण खरा भाग इथून सुरू होतो.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी आपल्या इंग्रज गुरूंशी, वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी, पत्रांतून जो वाद घातला तो वाचण्यासारखा आहे. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता. चर्चची मतं जशीच्या तशी गिळायची त्यांची तयारी नव्हती. एका अधिकाराखालून सुटका करून घेतली ती दुसऱ्या अधिकाराखाली जाण्यासाठी नाही, असाच त्यांचा एकंदर सूर आहे. गळ्यात घालायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर त्यांचा आग्रह होता की मला न कळणाऱ्या भाषेपेक्षा संस्कृत असावं. सिस्टर जेराल्डिनना हा अहंकार वाटायचा. मिस बील यांना मात्र ही बाई नीट विचार करतेय असं वाटायचं, आणि त्या उत्तरं द्यायच्या. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाला.

ही दुसरी शंका. आणि या सगळ्या काळात रमाबाई प्रार्थना करतच होत्या. शंका मिटेपर्यंत त्यांनी ती थांबवली नाही.

१९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की बाप्तिस्मा झाल्यावर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तोवर त्या मुंबईत 'शारदा सदन' काढून पुण्यात आणून मोकळ्या झाल्या होत्या, अमेरिकेत व्याख्यानं देऊन आल्या होत्या, पुस्तक लिहिलं होतं. जगाच्या दृष्टीनं त्या पक्क्या ख्रिस्ती होत्या. म्हणजे बाहेरून पक्का दिसणारा माणूस आत अजून शोधतच असू शकतो, आणि त्या शोधात केलेलं काम वाया जात नाही. १८९६ च्या दुष्काळानंतर मध्य प्रांतातून आणि पुढं गुजरातेतून आणलेल्या शेकडो मुली-बायांना त्यांनी दौंड तालुक्यातल्या केडगावला, मुक्ती सदनात आसरा दिला. स्वतःच्या दुष्काळात ज्यांना कुणी विचारलं नाही, त्या बाईनं हे केलं.

शेवटही काही गोड नाही. मनोरमा, एकुलती मुलगी आणि कामाची वारस, जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. मुलगी गेल्यावरही त्या मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं, आणि हे बायबल १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात छापून बाहेर आलं. मुलीसाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल असं कोण म्हणेल? आणि विश्वास कमी पडला म्हणून मुलगी गेली, असं त्यांना कोण सांगणार?

टिळकांच्या घरातली दोन चुली

दुसरं घर नारायण वामन टिळकांचं. १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण मधली दोन वर्षं त्यांची प्रचंड ओढाताणीची होती.

लक्ष्मीबाईंची वाट आणखी लांब. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या अहमदनगरला त्याच्याकडं आल्या, तरी आपलं सोवळं आणि स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी त्यांना जबरदस्ती केली नाही. पटलं तेव्हा, १९०० मध्ये, राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आधी जातीचा विटाळ मनातून गेला, मग धर्म बदलला, असा त्यांचा क्रम होता. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला दिसतं की ही बाई एका रात्रीत काहीच मानत नाही. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य जेमतेम सुरुवातीच्या अध्यायांवर थांबलं होतं. उरलेले बहुतेक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनीच, ज्यांना या धर्मात यायला सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

टिळकांनी ख्रिस्ती प्रार्थनेला अभंगाचं आणि भजनाचं रूप दिलं. मराठी चर्चांमधल्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची पदं आजही आहेत. देवाशी लडिवाळ भांडायची, त्याला जाब विचारायची वारकऱ्यांची जी रीत आहे, ती त्यांच्या रक्तातच होती. तुकोबांशिवाय आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो नसतो, असं ते मानत. त्यामुळं देवापुढं तक्रार मांडणं मराठी ख्रिस्ती माणसाला परकं वाटायचं खरं तर काही कारण नाही.

मग "मागा, विश्वास ठेवा, मिळेल" याचं काय?

इथं प्रामाणिकपणे सांगायला हवं की बायबलमध्ये दुसऱ्या बाजूची वाक्यंही आहेत. विश्वासानं मागितलं ते मिळालंच असं धरा, अशा अर्थाचं मार्कच्या अकराव्या अध्यायात आहे. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तर डोंगर सरकेल, हे मत्तयमध्ये आहे. याकोबाच्या पत्रात तर शंका धरणाऱ्याला वाऱ्यानं हेलकावणाऱ्या लाटेची उपमा दिलीय आणि त्यानं काही मिळण्याची आशा धरू नये असं म्हटलंय. "विश्वास कमी पडला" हे वाक्य येतं ते इथूनच. यूट्यूबवरच्या कितीतरी उपदेशांचा पाया हाच आहे.

पण या ओळी एकट्या काढून वाचल्या की गडबड होते. मोहरीच्या उपमेतच उत्तर आहे. विश्वास थोडा असला तरी भागतं, असं ती सांगते, आणि आपण तिचाच उपयोग लोकांचा विश्वास थोडा आहे म्हणून रागवायला करतो! याकोब ज्याला लाट म्हणतो त्या माणसासाठी त्यानं वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'दोन जिवांचा' असा होतो, म्हणजे एक पाय इकडं आणि एक तिकडं ठेवून चालणारा, देवाशीही गोड आणि दुसरीकडंही सोय बघणारा. मनात प्रश्न येणारा माणूस आणि दोन्ही दगडांवर हात ठेवणारा माणूस एकच नव्हेत.

आणि ज्यांच्या विश्वासाबद्दल कुणाला शंका नाही त्यांचं काय झालं तेही बायबलमध्येच लिहिलंय. अटक झाली त्याच रात्री, अटकेच्या आधी, गेथशेमाने बागेत येशूनं हा प्याला टळो अशी प्रार्थना केली. तो टळला नाही. पौलानं आपल्या शरीरातल्या 'काट्या'साठी तीनदा विनवणी केली, काटा तसाच राहिला. त्रफिम नावाच्या सोबत्याला पौल मिलेताला आजारी अवस्थेतच सोडून पुढं गेला, आणि तीमथ्याला वरचेवर होणाऱ्या पोटाच्या त्रासावर त्यानं थोडा द्राक्षारस घ्यायचा सल्ला दिला. प्रार्थनेनं सगळं हमखास बरं होत असतं, तर पौलाला निदान आपल्या लोकांसाठी ते जमायला हवं होतं. दानिएलच्या पुस्तकातले तिघं तरुण भट्टीच्या तोंडाशी उभं राहून राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. या "नाही सोडवलं तरी" मध्ये खात्री नाही, भरवसा आहे.

आधुनिक काळातलं मोठं उदाहरण मदर तेरेसांचं. त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झालं. कलकत्त्यातल्या कामाला सुरुवात झाल्यापासून पुढं कित्येक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवतच नव्हती. आत काळोख होता. रोजची प्रार्थना मात्र सुटली नाही. हे सगळं माहीत असूनही कॅथलिक चर्चनं २०१६ मध्ये त्यांना संत घोषित केलं.

आजारपणात हे चुकलं तर किंमत मोठी असते

शंकेला पाप ठरवण्याचा सगळ्यात घातक परिणाम दवाखान्याच्या दारात दिसतो. औषध घेतलं म्हणजे देवावर विश्वास नाही, असं एखाद्यानं ठसवलं तर माणूस गोळ्या बंद करतो. सिकल सेलमध्ये, फिट्समध्ये, क्षयात किंवा मधुमेहात हे जिवावर बेतू शकतं.

सिकल सेल आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघांकडून दोषयुक्त जनुक आलं की मुलाला आजार होतो. आईबाप स्वतः धडधाकट असू शकतात. त्यामुळं आपल्यामुळं झालं ही बोच आधीच असते, वरून आपल्या अविश्वासामुळं बरं होत नाही ही दुसरी. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडं बघून शिष्य हाच प्रश्न विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूचं उत्तर आहे, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी मोडीत काढलेला हिशेब आज नव्या भाषेत मांडला जातोय. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिचं लक्ष्य २०४७ आहे. तपासणी करून घेणं, लग्नाआधी दोघांनी रक्त तपासणं, सांगितलेली औषधं चालू ठेवणं, यातलं काहीच प्रार्थनेच्या आड येत नाही.

ख्रिस्ती परंपरेतही प्रार्थना आणि औषध एकमेकांचे वैरी नव्हते. मिशनरी जिथं गेले तिथं त्यांनी दवाखाने काढले, ते काय उगाच? नंदुरबार जिल्ह्यातच, नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं, साप-विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला. कायदा कुठल्या एका धर्माला लावलेला नाही. आणि त्याच कायद्यात हेही स्पष्ट आहे की घरी किंवा मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, चर्च अशा ठिकाणी केलेली प्रार्थना, उपासना, ज्यातून कुणाला शारीरिक किंवा आर्थिक इजा होत नाही, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे प्रार्थनेला कुणाची मनाई नाही, गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यापासून मात्र सावध राहायला हवं.

शंका असताना लोक प्रार्थना करतात तरी कशी?

काही जुन्या वाटा आहेत. पहिली म्हणजे तक्रार. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. किती काळ विसरणार, का सोडून दिलंस, असं थेट देवाला विचारणारी. बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीची हाक येशूनं क्रुसावर मारली असं शुभवर्तमानं सांगतात. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडं वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. ते काळोखातच संपतं. ज्यांनी ही पोथी जुळवली त्यांनी ते गाळलं नाही, की शेवटी एखादी गोड ओळ जोडली नाही.

दुसरी वाट, आपल्या बोलीत आणि थोडक्यात. चर्चमधली भारदस्त मराठी तोंडात बसत नसेल तर घरी पावरीत, भिलीत, अहिराणीत बोललेलं चालतं. शब्दच सुचत नसतील तर? पौल रोमकरांना लिहिताना म्हणतो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्माच, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं, आपल्यासाठी विनंती करतो. नुसतं गप्प बसून राहणंही परंपरेनं प्रार्थनेतच धरलंय.

तिसरी, दुसऱ्यांच्या खांद्यावर टाकणं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं जण खाटेवरून आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उचकटून त्याला वरून खाली सोडतात. तिथं लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता याबद्दल तिथं एक शब्द नाही. त्यामुळं आजाऱ्याला "विश्वास ठेव" म्हणून सांगण्यापेक्षा "तुला जमत नसेल तर राहू दे, आम्ही करतो" असं म्हणणारी मंडळी या गोष्टीच्या जास्त जवळ जाते. सोबत दवाखान्याच्या गाडीभाड्याचं पाहिलं तर आणखीच.

ख्रिस्ती उपासनेत यासाठी एक शब्दही आहे, सगळ्यांच्या ओळखीचा. 'आमेन' हा हिब्रूतला, एमुना ज्या धातूपासून आला त्याच धातूचा. पक्कं असो, असं असो, असा त्याचा अर्थ. उपासनेत एक जण प्रार्थना करतो आणि बाकीचे शेवटी हा एक शब्द म्हणतात. ज्याला त्या दिवशी स्वतःचं काहीच म्हणवत नाही, त्याच्या वाट्याला तेवढाच येतो.